गफूरचाचा राजीनामा देत नाहीत

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणजे तुम्ही हो म्हणालात."

हे वाक्य कळंबच्या बसस्टँडवर एखाद्या टपोऱ्यानं मला ऐकवलं असतं तर मी चप्पल काढली असती. पण मला ते भेटलं एका करारात. गुळगुळीत कागद, वर हसरा सूर्य, खाली हिरवं पान, आणि आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात हा प्रकार. भाषा अर्थात साळसूद होती. ‘विहित मुदतीत ग्राहकाने लेखी कळविले नाही तर नव्या दरास ग्राहकाची संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.’ गृहीत धरण्यात येईल! कुणी धरणार? कुणाला विचारून? मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

मी कळंबला एका ग्राहक समितीचं काम करते. समिती म्हणजे आडतीच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल आणि भरपूर पत्रकं. पत्रक लिहिणं हेच माझं शिक्षण. एक पान, मोठा टाईप, आणि पहिली ओळ अशी की चहाचा कप तोंडाशी नेलेला माणूस थांबला पाहिजे. बाकी लोक आपल्या धंद्यातले अनुभव निवृत्त झाल्यावर लिहितात. मला तेवढा दम नाही. जे बघितलं ते आत्ताच सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही.

ज्यांना ह्या छतावरच्या विजेचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सरळ सांगते. बोर्डाची लाईट महाग पडते म्हणून दुसऱ्या कुणाची घेऊ, असं आपल्या भागात करता येत नव्हतं. मग सोलरच्या कंपन्या आल्या. म्हणाल्या, छत तुमचं, पॅनल आमचे, खर्च आमचा, देखभाल आमची. तुम्ही वापराल तेवढ्या युनिटचे पैसे द्या. आणि हा दर पाच वर्षं फिक्स. बोर्डापेक्षा स्वस्त. दाल मिलवाल्यांनी छतं दिली, बेकरीवाल्यांनी दिली, मंगल कार्यालयांनी दिली. चुकलं का त्यांचं? मुळीच नाही. पाच वर्षं मजेत गेली. माझं भांडण सहाव्या वर्षाशी आहे.

कारण पाच वर्षं संपली की फिक्स दरही संपतो. पुढं कंपनी म्हणेल तो दर, आणि तोही पुन्हा पाच वर्षांसाठी. नको असेल तर कंपनी बदलता येते. पण कधी? मुदत संपायच्या आधी उठून गेलात तर दंड. मुदत संपल्यावर जागे झालात तर अडकलात. ह्या दोन्हींच्या मधे एक फट असते. त्या फटीत असताना लेखी कळवायचं की मुदत संपली की मी निघालो. कागद शेवटच्या तारखेच्या आत कंपनीच्या माणसाच्या हातात पडला पाहिजे आणि त्याची पोच आपल्या हातात आली पाहिजे. निघायचं मुदत संपेल तेव्हाच, पण सांगायचं बरंच आधी. एवढंच आहे. एवढंच असून माणसं पडतात.

कळंबचे एक आडते आहेत. त्यांनी पुढच्या वर्षी दर वाढणार असं ऐकलं आणि त्याच दुपारी हमालांना वर चढवून सगळे पॅनल खाली उतरवले. अंगणात चिंचेखाली ओळीनं ठेवले. मला म्हणाले, "छत माझं, तर सावली बी माझी. त्यांचं सामान त्यांनी घेऊन जावं." मुदतीला वर्ष बाकी होतं. दंड बसला. तो भरून झाल्यावरही गडी म्हणतो, "पर काढले का न्हाय?" असे लोक मला आवडतात, पण त्यांच्यासाठी पत्रक लिहून उपयोग नसतो.

दुसरे एक क्लासवाले सर. त्यांनी वेळेत कळवलं, अगदी वेळेत, पण व्हॉट्सॲपवर. खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. "ताई, दोन निळ्या टिका आल्या की! यापेक्षा मोठी पोच कुठली?" कंपनी म्हणाली, टिका म्हणजे पोच नव्हे. सर आजही वाढीव दर भरतात आणि वर्गात मुलांना सांगतात की निळ्या रंगावर विश्वास ठेवू नका.

ही माणसं चिडली, हसली, पुढं गेली. गफूरचाचांची गोष्ट वेगळी. तिथं कुणी हसत नव्हतं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या थोडं बाहेर त्यांचा खव्याचा शेड आहे. आमच्याकडं गावोगाव खवा होतो. सकाळी दूध येतं, कढईत आटतं, संध्याकाळच्या गाडीनं पेढेवाल्यांकडं जातं. पूर्वी सगळं लाकडाच्या भट्टीवर. चाचांच्या घरात त्या भट्टीपुढं उभं राहायचं काम शमीमभाभींचं. त्या चाचांच्या सूनबाई. नवरा आखातात नोकरीला. लग्न होऊन आल्यापासून भाभी धुरात उभ्या, हातात उलथणं, आणि दूध लागू नये म्हणून हात थांबवायची सोय नाही. मग छातीचं दुखणं लागलं. इतकं की रात्री भिंतीला टेकून बसून झोपायच्या. बार्शीच्या डॉक्टरांनी चाचांना समोर बसवून सांगितलं, "हिला पुन्हा धुरापुढं उभं केलंत तर माझ्याकडं आणायचीसुद्धा गरज पडणार नाही."

त्यानंतर चाचांनी शेडच्या छतावर पॅनल घेतले. विजेवरची कढई आली, तिला घोटायला मोटर आली, खवा ठेवायला थंड खोली आली. पाच वर्षं भाभी आडवं पडून झोपल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना जो आनंद झाला तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर झोपेसाठी पाहिलेला नाही.

आता मुदत संपत आली होती आणि कंपनीचा नव्या दराचा कागद आला होता. तो दर लागला तर विजेवरचा खवा परवडत नव्हता. शेडच्या मागं जुनी भट्टी अजून उभी होती. लाकूड स्वस्त होतं. पुढचं सांगायची गरज नाही. सुदैवानं दुसरी एक कंपनी जुन्या दराच्या आसपास यायला तयार होती. चाचांनी वेळेत कळवायचं, एवढंच बाकी होतं. त्या कागदाला कंपनीच्या मराठीत ‘राजीनामा’ म्हणायचे. कुठल्या शहाण्यानं तो शब्द घातला देव जाणे. आम्हीही तोच वापरायचो, कारण एक अक्षर इकडचं तिकडं झालं की कागद फेटाळायला त्यांना निमित्त मिळतं.

मी कागद लिहून घेऊन गेले. चाचा खाटेवर बसले होते. सत्तरीपुढचे, पांढरी टोपी, कान शाबूत, बुद्धी माझ्यापेक्षा शाबूत; वाचन तेवढं उर्दूतलं, मराठी अक्षर लागत नाही.

"चाचा, सही करा. राजीनामा दिला की झालं."

त्यांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "राजीनामा? म्या?"

"व्हय."

"म्या राजीनामा देणार न्हाय."

"का पण?"

"का म्हंजी? दर ते वाढवतेत, आन् राजीनामा म्या द्यावा? तू कुणाकडनं बोलती गं बेटा?"

मला वाटलं, म्हातारपणाचा मान आडवा येतोय. करार मी मोडणार नाही, असा काही ताठा असेल. मी चहा पिऊन परत आले. पुढच्या खेपेला आमच्या समितीच्या अण्णांना बरोबर नेलं. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. भांडणाऱ्या माणसाला बोलतं ठेवायची कला त्यांच्याकडं आहे. त्यांनी हवापाणी काढलं, दुधाचा भाव काढला, चाचांच्या टोपीचं कौतुक केलं, आणि मग हळूच म्हणाले, "तेवढा राजीनामा देऊन टाका की."

चाचा उठून उभे राहिले. "मरन मी, पर राजीनामा देणार न्हाय. सांगा त्या कंपनीला. मग बघू दर कसा वाढवतेत."

"अहो चाचा," मी ओरडलेच, "तुम्ही राजीनामा दिला नाहीत तरच दर वाढणार आहे!"

"उलटं शिकवती व्हय मला? दुनिया बघितलेली हाय म्या."

"मग राहा त्यांच्याकडंच! कंपनीचे जावई आहात का तुम्ही?"

"जावई मानपान घेतो. म्या बिल भरतो," चाचा म्हणाले. "चल, चहा घे आन् जा."

अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "हे पाणी काही वेगळंच आहे." भाभी दारापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, अब्बा म्हणतेत ते हाईत तवर दर वाढत न्हाय. तुम्ही म्हणता वाढतो. खरं कुणाचं धरू?" मी म्हणाले, माझं धरा. त्या आत वळल्या. त्या घरात अब्बांना सोडून माझं धरायचं म्हणजे काय, ते मलाही कळत होतं.

शेवटची तारीख जवळ येत गेली. ती नेमकी येळवशीच्या दिवशी पडत होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात गावं रिकामी आणि शेतं भरलेली. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, आणि मग शेंगाभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालायचं. त्या दिवशी दुकान उघडं दिसलं तर लोक आत डोकावून विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? ज्याची शेती तो येळवस करतो, मग नमाज पढणारा असो की लिंग बांधणारा. हे पुण्यात बसून शेवटची तारीख ठरवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

त्या सकाळी मी पुन्हा वाशीला गेले. आशा नव्हती, पण घरी बसवेना. चाचा खवा वाहायच्या पिकअपमधे आंबिलाचं मडकं चढवत होते. मला बघून म्हणाले, "आज कागद नक्को. आज जेवायला चल."

शेतात कोपीपाशी त्यांचे चुलतभाऊ हबीबचाचा कुटुंबासकट आधीच आलेले. दोन्ही घरांचं जेवण एकाच चादरीवर. भाभी तेवढ्या नव्हत्या. दूध कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्या शेडवर. मी मनात त्या तारखेला शिव्या घालत उंडे कुस्करत होते. चाचा खुशीत होते. बांधाकडं बोट करून म्हणाले, "ह्यो बांध दिसतो का? ह्याच्यासाठी म्या आन् हबीब पोरांची लग्नं हुईपर्यंत भांडलो. एकमेकाच्या पोरांच्या लग्नात बी गेलो न्हाय. मग कळंबच्या कोर्टात राजीनामा झाला. तवापासनं येळवस एका चादरीवर."

मी सहज विचारलं, "राजीनामा कुणी दिला? तुम्ही का त्यांनी?"

"दोघांनी."

"दोघांनी जमीन सोडली?"

हबीबचाचा भज्जी खाता खाता थांबले. "पोरीला उन लागलं का रं गफूर?"

"जमीन का सोडू?" चाचा म्हणाले. "दोघं राजी झालो. राजी झाल्याचा कागद म्हंजी राजीनामा. माझे अब्बा कोर्टात अर्जनवीस होते बेटा. उर्दूत असे ढीगभर राजीनामे लिवलेत त्यांनी."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. खोटं सांगत नाही, कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

"चाचा, मी जो कागद आणत होते, तो कशाचा वाटला तुम्हाला?"

"कशाचा म्हंजी? वाढीव दराला म्या राजी हाय म्हणून सही मागत हुतीस."

"आणि नोकरीचा राजीनामा देतात, तो?"

"तो नोकरानं द्यायचा. म्या काय कंपनीचा नोकर हाय? सौदा करणाऱ्यानं राजीनामा दिला म्हंजी तो सौद्याला राजी झाला. एवढं कळत न्हाय व्हय तुमच्या समितीला?"

म्हणजे हा माणूस आपल्या सुनेसाठी लढत होता! वाढीव दराला हो म्हणायचं नाही म्हणून सही करत नव्हता, आणि सही करत नव्हता म्हणून करार तो हो म्हणाला असंच धरणार होता. दोन महिने आम्ही दोघं एकाच बाजूनं, एकमेकांच्या अंगावर ओरडत होतो. मी त्यांना समजावून सांगितलं. मराठी कागदात ह्याचा अर्थ सोडचिठ्ठी. हा दिला तर सुटका. नाही दिला तर आज दिवस मावळला की पुढची पाच वर्षं वाढीव दर.

चाचांचा चेहरा मी विसरणार नाही. राग नाही, काही नाही. खिसा चाचपून पेन काढलं. मग म्हणाले, "कागद कुठाय?"

सही केली. सहीखाली आपल्या हातानं उर्दूत एक ओळ लिहिली. काय लिहिलं विचारलं तर म्हणाले, "वाढीव दराला नाराज हाय, असं लिवलं. तुमच्या मराठीवर भरोसा न्हाय आता माझा."

आता कागद कंपनीच्या जिल्हा प्रतिनिधीच्या हातात पडायला हवा होता. त्याचा फोन लागेना. चाचांनी पिकअप काढली. स्वतः चालवतात, आणि मागं खवा असल्यासारखीच हळू, जपून चालवतात, गाडी रिकामी असली तरी. मी शेजारी बसून दातओठ खात होते. धाराशिवच्या ऑफिसला कुलूप. वॉचमन पायरीवर बसून डबा खात होता. त्यालाही कुणीतरी भज्जी पोचवली होती. "साहेब आज ऑफिसात? येळवशीला? ताई, तुम्ही ह्या जिल्ह्यातल्याच ना?" साहेब आपल्या शेतात गेले होते, तामलवाडीला. तुळजापूरच्या पुढं, सोलापूरच्या अंगाला.

गेलो. विचारत विचारत त्या शेतात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. प्रतिनिधीचं नाव बसवराज. माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठा असेल, कपाळावर भस्म, अंगावर घरचा बनियन. आम्हाला बघून आधी दचकला, मग हात जोडून म्हणाला, "या चाचा! या ताई! आधी जेवण."

"आधी सही," मी म्हणाले.

"आज कागद न्हाय ओ ताई. शेतात आलेलं माणूस उपाशी कागद दाखवतं व्हय?"

त्याची आई पत्रावळी मांडतच होती. "ऊटा माड्री," जेवा म्हणून ती चाचांना कानडीत म्हणाली, आणि चाचांनी मला डोळ्यानं दाबलं. बसलो. आयुष्यात इतकं चवदार जेवण इतक्या तिरस्कारानं मी खाल्लेलं नाही. सूर्य खाली चाललाय, आणि ही माउली म्हणतेय अजून एक उंडा घ्या.

हात धुतल्यावर बसवराजनं कागद घेतला. वाचून त्याला खरंच वाईट वाटलं. "चाचा, तुम्ही सुद्धा? तुमच्या वाशी-भूमच्या पट्ट्यात जुनं माणूस आम्हाला सोडत न्हाय. आमचे वरचे साहेब मीटिंगमधे माझं उदाहरण देतेत. बसवराज, तुझे ग्राहक लई निष्ठावंत."

"निष्ठा कसली रे," चाचा म्हणाले. "तुझ्या दराला राजी व्हायचं नव्हतं, म्हणून राजीनामा दिला न्हाय."

बसवराजला कळलं नाही. चाचांनी त्याला बांधाची गोष्ट सांगितली, अर्जनवीस वडिलांची सांगितली. तो ऐकत होता आणि हळूहळू त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भूमला एक म्हातारी हाय," तो म्हणाला. "तिची पिठाची गिरणी. मी मुदतीची आठवण करायला गेलो. राजीनामा द्यायचाय का विचारलं. तर चुलीतलं लाकूड घेऊन माझ्या अंगावर आली. राजीनामा देत न्हाय, जा, म्हणली. जीव गेला तरी देत न्हाय."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "समाधानी ग्राहक, म्हणून लिहून पाठवलं."

त्याची आई कानडीत काहीतरी विचारत होती, तो कागदाची घडी घालत होता आणि उलगडत होता. मी पत्रकं लिहिणारी बाई. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उद्गारचिन्ह असतं. तेव्हा एकही सुचलं नाही. त्या म्हातारीची तारीख कधीच होऊन गेली होती. आणि ती अजूनही समजत असणार की आपण जिंकलो.

"शिक्का ऑफिसात हाय," बसवराज पुटपुटला.

"करारात शिक्का लिहिलेला नाही. पोच लिहिलीय. सही आणि आजची तारीख."

"वरचे विचारतील, वाशीतला पहिला कसा सुटला म्हणून."

"सांग त्यांना," चाचा म्हणाले, "की आम्हाला मराठी आली."

त्यानं सही केली. हात धुऊनही बोटावर राहिलेली भज्जीची पिवळी हळद कागदाच्या कोपऱ्याला लागली. पुढं कंपनीनं त्या पोचेवर खूप तोंड वाकडं केलं. हे डाग कसले, खालची ओळ कुठल्या भाषेतली, सगळं विचारलं. पण सही खरी होती आणि तारीख खरी होती. पोच टिकली. आम्हीही मग पत्रकातून तो शब्द काढला. ‘आम्ही हा करार सोडत आहोत’ असं लिहायला लागलो. कंपनीला फेटाळायचं असेल तर फेटाळू दे, भांडू. भूमच्या आजींचं प्रकरण आम्ही ग्राहक आयोगाकडं नेलंय. अजून तारखा पडताहेत.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवसाची संध्याकाळ. परतताना चाचांचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. मी भाभींना फोन लावत होते, त्या उचलत नव्हत्या. कधी एकदा सांगते असं झालं होतं मला. वाशी जवळ आली तसा दिवस मावळला आणि शेताशेतात हेंडगे पेटले. गवताचे जळते पेंढे घेऊन पोरं बांधाबांधानं ओरडत पळत होती. लांबून चाचांच्या शेडकडं धूर दिसला. मला वाटलं, तोही हेंडगाच. चाचांना तसं वाटलं नाही. त्यांनी गाडी अशी दामटली की मी डॅशबोर्डला धरलं.

धूर शेडच्या मागून येत होता. जुनी भट्टी पेटलेली. वर कढई, कढईत दूध. ओढणी नाकाला गुंडाळून शमीमभाभी उभ्या, हातात उलथणं. आत विजेची कढई धडधाकट होती. लाईट होती.

"शमीम! ये क्या कर रई तू?"

त्या दचकल्या. बोलायला गेल्या आणि खोकला सुरू झाला. उलथणं सोडलं नाही. खोकल्याच्या मधे मधे, तुटत तुटत म्हणाल्या, "कवाकवा पेटवते अब्बा. महिना झाला. तुम्ही बाजारला गेल्यावर. थोडी थोडी. मुदत संपली की उभं राहावंच लागणार. एकदम धूर लागला तर निभायचं न्हाय... म्हणून छातीला सवय लावायले."

छातीला सवय!

आम्ही भांडत होतो, कागद नाचवत होतो, अर्थ लावत होतो, आणि ही बाई एकटी, कुणाला न सांगता, मरायचा सराव करत होती.

चाचांनी हौदातून बादली भरली आणि भट्टीत ओतली. "अब्बा, दूध हाय वर!" भाभी ओरडल्या. राख उसळून सगळी कढईत पडली, दूध काळं झालं. चाचांनी दुसरी बादली ओतली. मी पोच पुढं केली, म्हणाले, "भाभी, सुटलो. कागद मिळाला, बघा." त्यांना बघायचं होतं, पण डोळे उघडता येत नव्हते. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा छातीवर, आणि खोकला काही थांबेना.

चाचा वाफेत उभे होते, रिकामी बादली हातात. मला म्हणाले, "बेटा, अजून पाणी आण."

आग केव्हाच विझली होती.